मूळ अर्धवट असताना पक्का दात मेला तर: रिजनरेटिव्ह ट्रीटमेंट, पहिल्या तपासणीपासून फॉलोअपपर्यंत

लहान मूल खेळताना तोंडावर आपटतं, पुढच्या पक्क्या दाताचा टवका उडतो, थोडं रक्त येतं, दोन दिवसांत सगळं शांत होतं आणि घरचे विसरून पण जातात. मग काही महिन्यांनी त्याच दाताच्या वर हिरडीवर बारीक पुळी दिसते, दाबली की पस येतो, आणि एक्स-रे काढला की कळतं की दात आतून मेलाय आणि मूळ अजून अर्धंच झालंय. खरी अडचण इथे सुरू होते, कारण पक्का दात तोंडात आल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला अजून साधारण तीन वर्षं लागतात आणि ते काम आतला पल्पच (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ भाग) करत असतो. तो गेला की मूळ जिथल्या तिथे थांबतं. भिंती पातळ, खालचं तोंड नरसाळ्यासारखं उघडं. यात नेहमीचं रूट कॅनाल करायला गेलात तर गटा-पर्चा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) अडकायला खाली काही नाहीच, सगळं बाहेर जातं.

मार लागणं हे मोठं कारण आहे पण एकटं नाही. खोल कीड असते. आणि एक कारण हमखास नजरेतून सुटतं, ते म्हणजे खालच्या प्रीमोलरच्या (सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधल्या दाताच्या) चावायच्या भागावर असलेला जादाचा उंचवटा, डेन्स इव्हॅजिनेटस. तो घासून नाहीतर तुटून जातो, आतला पल्प उघडा पडतो आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला एकही कीड नसताना तिथे गळू येतं. कीड नसलेल्या प्रीमोलरला पस दिसला की आधी चावायचा पृष्ठभाग वाळवून नीट बघा.

पूर्वी अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साईड महिनोन्‌महिने भरून ठेवायचे, खाली कडक थर तयार होईपर्यंत. थर व्हायचा, पण भिंती तेवढ्याच पातळ राहायच्या. त्स्वेक यांनी १९९२ साली अशा दातांचा जो अभ्यास मांडला त्यात दाताच्या मानेपाशी (हिरडीजवळ) मूळ मोडण्याचं प्रमाण सगळ्यात कमी वाढ झालेल्या मुळांमध्ये ७७ टक्के होतं आणि सगळ्यात जास्त वाढ झालेल्यांमध्ये २८ टक्के. पुढे २००२ मध्ये आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या दातांवर दाखवलं की कॅल्शियम हायड्रॉक्साईड लांब काळ आत राहिलं तर दाताची ताकद वर्षभरात जवळपास निम्म्यावर येते. नंतर एमटीए नावाचं सिमेंट आलं, एक-दोन व्हिजिटमध्ये खाली चार-पाच मिलिमीटरचा प्लग बसवून मोकळं होता यायला लागलं, आणि आजही तो उत्तम पर्याय आहे. पण मूळ त्यानेही वाढत नाही.

रिजनरेटिव्ह ट्रीटमेंटची कल्पना अशी की कॅनाल जंतुमुक्त करायचा, मग मुळाच्या टोकापलीकडून मुद्दाम रक्त आत आणायचं, आणि त्या गुठळीत तिथल्याच स्टेम सेल्सना वाढू द्यायचं. उघड्या टोकाखाली एपिकल पॅपिला नावाचा मऊ भाग असतो, या पेशींचा मोठा साठा तिथे असतो, आणि पल्प मेला तरी हा भाग बऱ्याचदा जिवंत राहतो. कॅनालमध्ये रक्त भरून बघायची कल्पना न्यूगार्ड-ओस्टबी यांनी १९६१ मध्येच मांडली होती, २००१ मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांची एका प्रीमोलरची केस आली, आणि २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी मांडलेल्या पद्धतीवरून आजचे प्रोटोकॉल तयार झाले. सगळी कसरत एकाच गोष्टीची आहे, जंतू मारायचे पण त्या पेशी मारायच्या नाहीत. पुढच्या प्रत्येक स्टेपमध्ये, कुठलं द्रव, किती टक्के, सुई कुठपर्यंत, हे सगळं याच हिशोबाने ठरतं.

आधी खात्री करा की पल्प खरंच मेलाय

घाई इथेच नडते. अर्धवट मुळाच्या दातात थंड टेस्ट आणि इलेक्ट्रिक टेस्ट दोन्ही भरवशाच्या नाहीत, चांगला जिवंत दात पण काहीच रिस्पॉन्स देत नाही. त्यात मार लागलेला असेल तर पहिले दोन-तीन महिने रिस्पॉन्स नसणं अगदी नॉर्मल धरायचं. म्हणून नुसती टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून दात उघडू नका, पस, सायनस (हिरडीवरचं पस निघायचं भोक), ठोकल्यावर दुखणं, रंग बदलणं, एक्स-रेमध्ये वाढत जाणारी काळी सावली, यातल्या किमान दोन गोष्टी एकत्र जुळल्या तरच पुढे जा. आणि सावलीचंही एक आहे, उघड्या टोकाखाली पॅपिलामुळे थोडी काळी जागा नैसर्गिकच दिसते, ती इन्फेक्शन समजून गडबड होते. दुसऱ्या बाजूच्या त्याच दाताचा एक्स-रे काढून तुलना करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. आणखी एक खूण म्हणजे तुलनेत या दाताचं मूळ मागे पडलंय का, सहा महिन्यांपूर्वीचा एक्स-रे असेल तर सोन्याहून पिवळं.

दात पूर्ण निघून पडला होता आणि परत बसवलाय, मूळ अजून उघडं आहे, तर त्यात रक्तपुरवठा आपोआप परत येण्याची शक्यता असते. २०२० च्या आंतरराष्ट्रीय डेंटल ट्रॉमा गाईडलाईन्स पण हेच सांगतात, इन्फेक्शनची खूण दिसत नाही तोवर आत जायचं नाही, फक्त डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. कारण मुलांमध्ये मूळ आतून-बाहेरून खाणारं रिसॉर्प्शन सुरू झालं तर ते फार वेगात पुढे जातं, त्यामुळे 'वाट बघू' म्हणजे 'सहा महिन्यांनी या' असं नव्हे.

केस निवडताना

मूळ जितकं आखूड आणि भिंती जितक्या पातळ, तितका या ट्रीटमेंटचा फायदा जास्त. मूळ जवळजवळ पूर्ण झालंय, टोक जरासंच उघडं आहे, अशा दातात मी तरी एमटीए प्लगच सुचवेन, कमी व्हिजिट, कमी अनिश्चितता. टोक साधारण १ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडं असेल तर रक्त आणि पेशी आत यायला वाट मिळते. दाताचा वरचा भाग इतका तुटलाय की कॅनालमध्ये पोस्ट (वरच्या भागाला आधार देणारा खिळा) घालावा लागणार, तर हा मार्ग सोडून द्या, कारण जिथे नवीन टिश्यू हवं तिथेच पोस्ट बसेल. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लागणारच नसेल तरी सोडा. मूल एकंदर निरोगी हवं, वापरायच्या औषधांची ॲलर्जी नको, आणि घरचे दोन वर्षं तरी फॉलोअपला येतील असं वाटायला हवं. हा शेवटचा मुद्दा कागदावर साधा दिसतो, पण केसेस बहुतेक तिथेच हातातून सुटतात.

घरच्यांशी बोलताना आधीच तीन गोष्टी स्पष्ट सांगा. किमान दोन व्हिजिट लागतील, कधी तीन. दाताचा रंग बदलू शकतो. आणि मूळ वाढेलच अशी गॅरंटी नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सने यशाच्या तीन पायऱ्या केल्यात: पहिली, त्रास थांबणं आणि हाड भरणं, दुसरी, भिंत जाड होणं आणि मूळ लांब होणं, जे हवंसं आहे पण अत्यावश्यक नाही, तिसरी, टेस्टला रिस्पॉन्स येणं. पालकांना पहिलीचंच वचन द्या. दुसरी-तिसरी मिळाली तर बोनस. पर्यायही सांगा, एमटीए प्लग, काहीच न करणं, दात काढणं, आणि कन्सेंट लिहून घ्या.

पहिली व्हिजिट

भूल द्या, या व्हिजिटला ॲड्रेनलिनवाली चालते. रबर डॅम लावा. अर्धवट आलेल्या दातावर क्लॅम्प नीट बसत नाही, मग शेजारच्या दातांवर अडकवून किंवा फ्लॉसने बांधून घ्या, पण डॅमशिवाय हे काम करू नका, लाळेचा एक थेंब आत गेला तरी सगळी मेहनत पाण्यात.

ॲक्सेस घेताना, म्हणजे दात वरून उघडताना, पल्प हॉर्न्स (पल्पची वरची टोकं) पूर्ण उघडा. तिथे सडका पल्प राहिला तर नंतर दात काळा पडतो आणि दोष औषधाला जातो. लांबी मोजायला अपेक्स लोकेटरवर विसंबू नका, उघड्या टोकात तो गंडतो. सैल फाईल (कॅनालमध्ये जाणारं सुईसारखं हत्यार) ठेवून एक्स-रे काढा.

आता मुख्य काम, इरिगेशन, म्हणजे द्रवाने धुणं. भिंती फाईलने घासायच्या नाहीत, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण हात सवयीने फाईलकडेच जातो. आधीच पातळ असलेली भिंत अजून पातळ होते आणि वर त्याचा उपयोग काही नाही. जे साफ करायचं ते द्रवाने. सोडियम हायपोक्लोराईट १.५ टक्के, एका कॅनालला २० मिली, साधारण पाच मिनिटांत हळूहळू. म्हणजे मिनिटाला ४ मिली, घड्याळ बघत करा कारण हाताला तो वेग फारच संथ वाटतो. टोक बंद आणि बाजूला भोक असलेली सुई घ्या, तिला रबर स्टॉपर लावून लांबी पक्की करा, मुळाच्या टोकापासून १ ते २ मिलिमीटर आत ठेवा, आणि सुई भिंतीत अडकू देऊ नका, सतत थोडी वरखाली हलवत राहा. टोक उघडं असल्यामुळे जोर लावलात तर हायपोक्लोराईट थेट हाडात जाईल, गाल सुजेल, मूल किंचाळेल आणि घरचे परत येणार नाहीत.

५-६ टक्क्यांचं हायपोक्लोराईट का नको? जंतू ते जास्त मारेल हे खरं, पण डेंटिनच्या (दाताच्या कडक भिंतीच्या) पृष्ठभागाला असं करून ठेवतं की नंतर स्टेम सेल्स तिथे टिकत नाहीत. १.५ टक्के आणि त्यानंतर १७ टक्के ईडीटीए (डेंटिनमधलं कॅल्शियम ओढून घेणारं द्रव), या जोडीत पेशी बऱ्यापैकी टिकतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. क्लोरहेक्सिडीन टाळा, पेशींना ते विषारी आहे आणि हायपोक्लोराईटशी भेट झाली की तपकिरी गाळ तयार होतो.

सुई आत नेताना कधी कधी खालच्या भागात मूल एकदम 'आं' करतं, भूल असूनही. एक्स-रेवर खाली पस दिसत असला तरी आत थोडा टिश्यू जिवंत असतो. तिथेच थांबा, त्याच्या खाली जाऊ नका. तो टिश्यू तुमच्या कामाचा आहे, उपटून काढायचा नाहीये.

हायपोक्लोराईट झालं की सलाईन, मग ईडीटीए, आणि पेपर पॉईंटने (ओल शोषणाऱ्या कागदी काडीने) कोरडं करा. जाड पॉईंट घ्या, बारीक पॉईंट थेट टोकाबाहेर जातो.

आत औषध कोणतं

यावर लोक तावातावाने भांडतात. सुरुवातीला ट्रिपल अँटिबायोटिक पेस्ट चालायची, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन. जंतू ती छान मारते. प्रॉब्लेम दोन आहेत. एक, मिनोसायक्लिनमुळे दात राखाडी होतो, आणि पुढचा दात असेल तर मूळ वाढलं तरी पालक नाराज. दुसरा, आपण गोळ्या कुटून थोड्या पाण्यात जाड पेस्ट करतो तेव्हा एका मिलीत हजार मिलीग्रॅमच्या आसपास औषध असतं, आणि सुचवलेलं प्रमाण आहे मिलीला १ ते ५ मिलीग्रॅम. जाड पेस्ट पेशींनाही मारते. आणि १ मिलीग्रॅमचं मिश्रण म्हणजे जवळजवळ पाणीच, सिरिंजमधून सोडलं तर थांबतच नाही, त्यामुळे मिथाईल सेल्युलोजसारखा जेल वापरून घट्ट करावं लागतं. कोण करणार ही उठाठेव?

म्हणून माझं मत सरळ आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साईड वापरा. पेशींना ते चालतं, रंग बदलत नाही, आणि युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीच्या २०१६ च्या पोझिशन स्टेटमेंटमध्येही तेच आहे. इथे ते काही आठवडेच ठेवायचंय, त्यामुळे मघाशी सांगितलेली भिंत कमकुवत व्हायची भीती लागू होत नाही. पेस्टच वापरायची असेल तर मिनोसायक्लिन वगळून दोनच औषधांची करा किंवा त्याजागी क्लिंडामायसिन घ्या, आणि काहीही भरलंत तरी ते मानेच्या खालीच राहू द्या, वरचा भाग पुसून काढा. मग वरून तीन-चार मिलिमीटर जाड घट्ट टेम्पररी, ग्लास आयोनोमर असेल तर उत्तम. पातळ टेम्पररी दोन आठवड्यांत गळायला लागते आणि सगळं मुसळ केरात. तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकची सहसा गरज नसते, ताप किंवा पसरत जाणारी सूज असेल तरच.

दुसरी व्हिजिट, १ ते ४ आठवड्यांनी

आधी बघा. सूज आहे का, सायनस बंद झाला का, ठोकल्यावर दुखतं का. काहीही शिल्लक असेल तर आज रक्त आणायचं नाही, पुन्हा धुवा, पुन्हा औषध भरा, पुन्हा बोलवा. इन्फेक्शन असलेल्या कॅनालमध्ये रक्त भरणं म्हणजे जंतूंना जेवण वाढणं.

सगळं शांत असेल तर यावेळी ॲड्रेनलिन नसलेली भूल, ३ टक्के मेपिव्हॅकेन. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि मग रक्त येत नाही म्हणून आपण बसतो. डॅम, टेम्पररी काढा, औषध धुवून काढा, मग १७ टक्के ईडीटीए २० मिली, सावकाश. ईडीटीए शेवटी का, तर ते डेंटिनमध्ये अडकलेले ग्रोथ फॅक्टर्स मोकळे करतं, टीजीएफ-बीटा वगैरे, आणि पेशींना त्याचीच हाक लागते. या व्हिजिटला हायपोक्लोराईट नको. पेपर पॉईंटने कोरडं.

आता निर्जंतुक के-फाईलचं टोक थोडं वाकवा आणि मुळाच्या टोकाच्या साधारण २ मिलिमीटर पलीकडे नेऊन फिरवा. रक्त वर यायला लागतं. ते मानेच्या पातळीपर्यंत चढू द्या आणि वर कॅपिंग मटेरियलसाठी तीन-चार मिलिमीटर जागा राहील असं थांबवा, सलाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलका ठेवून. मग वाट बघा. गुठळी व्हायला पंधरा मिनिटं तरी द्या. मूल खुर्चीत चुळबुळ करतं, पालक विचारतात डॉक्टर थांबलात का, तरी थांबा. पातळ रक्तावर एमटीए टाकलंत तर ते खाली बुडतं आणि कॅनालच्या मधोमध जाऊन बसतं, मग नवीन टिश्यूला जागाच उरत नाही.

रक्त आलंच नाही तर? आधी शांत व्हा. सलाईनने धुवून काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. चुकून ॲड्रेनलिनवाली भूल दिली गेली का बघा. तरीही नाही तर मुलाच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ किंवा पीआरपी (रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग) आत ठेवता येतं, पण त्यासाठी लहान मुलाचं रक्त काढावं लागतं आणि सेंट्रीफ्यूज लागतं, त्यामुळे मी तरी पहिल्या फटक्यात त्याच्या मागे लागणार नाही. तेही जमत नसेल तर एमटीए प्लग करून केस बंद करा, यात कमीपणा नाही.

गुठळी झाली की हवं तर त्यावर कोलॅजनचा छोटा तुकडा ठेवा, तो कॅपिंग मटेरियलला खाली सरकू देत नाही. त्यावर एमटीए किंवा बायोडेंटीनसारखं कॅल्शियम सिलिकेट सिमेंट. पुढच्या दातात मी एमटीए टाळायला सांगेन, पांढरं एमटीए पण रक्ताच्या संपर्कात आलं की दात काळपट करतं. वर ग्लास आयोनोमर, त्यावर बाँड करून कॉम्पोझिट. एक्स-रे काढून ठेवा, पुढची सगळी तुलना याच्याशी होणार आहे.

फॉलोअप

६, १२, १८, २४ महिने, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. काय कधी दिसतं हे माहीत असलं की उगाच घाबरायला होत नाही. टोकाजवळची काळी सावली साधारण सहा महिने ते वर्षात भरते. भिंत जाड होणं १२ ते २४ महिन्यांत दिसतं, आणि जाडी सहसा लांबीच्या आधी वाढते. एक्स-रे दरवेळी एकाच अँगलने, शक्य असेल तर होल्डर वापरून काढा, नाहीतर अँगल बदलला की मूळ वाढलं असं वाटतं, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. शंका असेल तिथे सीबीसीटी (थ्रीडी एक्स-रे), पण मुलांमध्ये गरजेपुरतंच.

आत जे तयार होतं ते बहुतेक वेळा खरा पल्प नसतो. ज्या दातांची नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली त्यात सिमेंटमसारखं (मुळावरच्या कडक थरासारखं), हाडासारखं, पेरिओडोंटल लिगामेंटसारखं (मूळ हाडाला बांधणाऱ्या तंतूंसारखं) टिश्यू सापडलंय. त्यामुळे टेस्टला रिस्पॉन्स आला नाही म्हणून फेल समजू नका. कधी कधी कॅनाल हळूहळू कडक होऊन बंद होत जातो. दात शांत असेल तर त्याला हात लावायची गरज नाही, फक्त नोंद ठेवा, कारण पुढे कधी रूट कॅनाल लागलंच तर वाट शोधणं अवघड जाईल.

पस परत आला, सावली वाढली, रिसॉर्प्शन दिसलं, तर फेल. तेव्हा सिमेंट काढून पुन्हा एकदा जंतुमुक्त करून हीच ट्रीटमेंट करता येते, किंवा सरळ एमटीए प्लगकडे वळता येतं. यातलं काय हे मुळाच्या अवस्थेवर ठरवा: पहिल्या प्रयत्नात भिंत थोडी जरी जाडावली असेल तर प्लग करून मोकळे व्हा, अजून कागदासारखी पातळ असेल आणि मूल नियमित येत असेल तर दुसरा चान्स घ्यायला हरकत नाही. पण दुसऱ्यांदा करताना कॅल्शियम हायड्रॉक्साईड चार आठवडे ठेवा, टेम्पररीची जाडी तपासा, आणि पहिल्यांदा गळती कुठून झाली असेल ते कॉम्पोझिटच्या कडा एक्स्प्लोररने चाचपून आधी शोधून काढा.